शेंड्याकडून वाचलेला शब्द

आमच्या इंग्रजीच्या सरांचं अपेंडिक्स काढलं आणि आठवडाभर वर्गात दुसरा विषय निघाला नाही. बरे होऊन आले ते थेट फळ्याकडे. अपेंडेक्टमी! एवढा लांबलचक शब्द लिहून त्यांनी खडूनं त्याचे तुकडे पाडले. अ, पेन, डेक, ट, मी. ‘डेक’वर डस्टर आपटलं. “जोर इथं. लांब शब्द दिसला की घाबरायचं न्हाई, उसासारखा पेरापेरानं मोडायचा. शेंड्याकडून धरा. शेंड्याला ‘एक्टमी’ दिसलं, की समजा, कायतरी कापून काढलंय.”

वर्गात निम्मी पोरं ऊसतोड्यांची. ऊस कुणी शेंड्याकडून धरत नाही, हे आम्ही सरांना सांगितलं नाही.

मी नववीत होते. दुष्काळ होता, गावात टँकर यायचा. सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटला की सगळ्यांना ऊसतोडीला जायचं होतं. त्याआधी मुकादमानं आईला आणि काकूला जीपमधून दवाखान्यात नेलं. दोघींचं पोट दुखायचं, आणि त्यानं कामाचे खाडे पडायचे. पिशवी साफ केली, असं सांगून दोघींना घरी आणून सोडलं. काकू तेविशीची, पदरात एक पोरगी. दुसऱ्या लेकरासाठी तिनं जुन्या लुगड्याची कुंची शिवायला घेतली होती.

टाके काढल्यावर आईनं दवाखान्याचा कागद पुढं केला. “वाच बरं, काय लिवलंय.”

मला भलतीच हुशारी चढली. मोठ्यानं मोडत गेले. हिस, ट, रेक, ट, मी. ‘रेक’वर मांडीवर थाप मारली. आई हसली. आणि मग मला शेंडा दिसला. खाली ‘यूटरस’ लिहिलं होतं. विज्ञानाच्या मॅडमनी “घरी वाचा” म्हणून उलटलेल्या पानावर, आकृतीखाली, हाच शब्द होता. पिशवी साफ केली नव्हती, काढली होती.

तेवढ्यात काकूनं आपला कागद माझ्या मांडीवर टाकला. “महा बी वाच गं. पुढच्या साली पाळणा हालला पायजे.”

तोच शब्द. अक्षर सरांच्या फळ्यावरच्याइतकं स्वच्छ. मुकादमाला शिव्या द्यायची अक्कल मला फार नंतर आली. त्या क्षणी मला माझ्या वाचता येण्याचीच भीती वाटली.

“अक्षर लागंना,” मी म्हणाले.

“येवढी नववी शिकून?” काकू हसली. कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि कुंचीला दोरा ओवायला घेतला.