गुंड्याचं वजन

भाच्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होतो. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाला. मग जरा थांबून, "गुंड्या खाटंखालून निघंना. काय करू?"... माझी थोरली बहीण, काष्टीची अक्का, जाऊन सहा आठवडे झाले. भेटायला येणारे तिच्या मायेच्या आठवणी सांगतात. मला मात्र मी तिला काय काय बोललो तेवढंच आठवतं.

गुंड्या हा तिचा पांढरा, केसाळ पामेरियन कुत्रा. खाऊन खाऊन असा गरगरीत झाला होता, की ओट्याची एक पायरी चढला तरी धापा टाकायचा. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, नाहीतर फार दिवस काढणार नाही. मी गणिताचा मास्तर, काम अंगावर घेतलं. चतकोर भाकरी, दूध बंद, आणि दर रविवारी मी नगरहून येऊन वजन करणार. पण तो काट्यावर ठरेना आणि अक्काशिवाय कुणाकडे जाईना. म्हणून कांद्याच्या काट्यावर आधी अक्काला एकटीला उभं केलं, बावन्न किलो. मग त्याला कडेवर घेऊन, सदुसष्ट. कुत्रा पंधरा किलो. ते बावन्न मी खडूनं भिंतीवर लिहिलं आणि पुढं दर रविवारी तेवढे वजा करत गेलो.

एकदा ती ताटातली भाकरी गुपचूप त्याला घालताना सापडली. "मला न्हाई जात रं आता येवढी. टाकून कशी देऊ?" ती म्हणाली. "तुझ्या लाडानंच मरणार आहे तो," मी सुनेदेखत तिला झापलं. "त्याच्या जागी पोर असतं तर त्याचाही असाच जीव घेतला असतास." ती ताट उचलून आत गेली.

आकडे मात्र उतरत होते. चौदा, साडेबारा, अकरा... डोळ्यांना फरक दिसत नव्हता, पण केसाळ जात फुगलेलीच दिसते, असं मीच सगळ्यांना समजावलं. नऊवारीतल्या अक्काकडे कोण बघतंय? दहा झाले त्या दिवशी मी पेढे आणले आणि पहिला तिला भरवला. तिनं तो बराच वेळ तोंडात घोळवला आणि मागल्या दारी जाऊन थुंकला. "नखरे बघा," असं म्हणून मी हसलो.

शेवटचा आकडा नऊ. पुढच्याच आठवड्यात पाणीही उतरेना म्हणून भाच्यानं तिला दवाखान्यात नेलं. घशाखाली गाठ होती, फार वाढलेली. तीन आठवड्यांत सगळं आटोपलं.

तेराव्यानंतर गुंड्या पहिल्यांदा माझ्याकडे आला. मी त्याला उचललं आणि हाताला जाणवलं. काट्यावर आधी एकटा चढलो, मग त्याला घेऊन. साडेपंधरा किलो. अर्धा किलो वाढलाच होता. पाच महिने मी अक्काचंच वजन घेत होतो, आणि ते उतरलं की तिला शाबासकी देत होतो. तिला हे कळलं होतं का, ते विचारायचं राहिलं... विचारायची हिंमतही झाली नसती.

काटा अजून तिथंच आहे, भिंतीवर बावन्नही. भाचा सांगतो, रविवारी सकाळी गुंड्या काट्याजवळ जाऊन बसतो आणि कुणीतरी उचलून घ्यायची वाट बघतो.