पडद्यावरची वाकडी रेघ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर बुऱ्हाणपूरजवळच्या शाहपूरच्या शाळेत मला भूमिती शिकवणाऱ्या बाईंचे. शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे सगळे त्यांना मॅडम म्हणत. घरी मराठी बोलणारी आम्ही दोन-तीन मुलं तेवढी बाई म्हणायचो. आमचं घर केळीच्या बागांत घड तोडणाऱ्यांचं. कॉलेज म्हणजे काय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. बारावीनंतर बाईच माझ्या वडिलांशी बोलल्या, बाईच मला बुऱ्हाणपूरला घेऊन आल्या आणि प्रवेशाच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या राहिल्या. आज मी घरातला पहिला पदवीधर आहे आणि बुऱ्हाणपूरच्याच लालबागमध्ये जुने संगणक दुरुस्त करण्याचं माझं दुकान आहे.

सरळ रेघ काढायलाही त्यांनीच शिकवलं. "पेन्सिल को मत देखो, जहाँ पहुँचना है वो बिंदु देखो," त्या सांगायच्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेनं काढून टाकलेला एक संगणक घरी आणला. नवी प्रणाली त्याला झेपत नव्हती, म्हणून मी त्यावर लिनक्स ही हलकी प्रणाली टाकून दिली. दहावीच्या मुलींसाठी बाई त्यावर भूमितीच्या सराव प्रश्नपत्रिका तयार करायच्या, आकृत्यांसकट. मी त्या दुकानात छापून शाहपूरच्या बसने त्यांच्याकडे पाठवायचो. या कामाशिवाय बाईंना करमायचं नाही.

या हिवाळ्यात त्यांचा फोन आला.

"काय रे, तुझ्या मशीनमध्ये माझ्या वर्तुळांची अंडी झालीयत."

"काही बदललं का बाई?"

"मी नाही, तुझ्या काकांनी. जुना मॉनिटर गेला, तर हे रुंद उचलून आले. टीव्हीसारखा पाहिजे यांना."

मागून काका, म्हणजे बाईंचे यजमान, ओरडले, "घ्या! आता अंडी पण मीच घातली."

दुखणं ओळखीचं होतं. मॉनिटर आपलं माप तारेतून संगणकाला कळवत असतो. तार खराब असली की ते पोचत नाही. मग संगणक अंदाजानं जुनं, कमी रुंदीचं माप धरतो आणि तेच चित्र ताणून रुंद पडद्यावर पसरवतो. गोल लांबट होतो, अक्षरं धुरकट होतात. मी रविवारी गेलो आणि पडद्याचं खरं माप संगणकाला हाताने लिहून दिलं. बंद केल्यावर तो ते विसरतो, म्हणून चालू होतानाच ते आपोआप लागेल अशी सोय केली. बाईंनी आपली लाकडी पट्टी काचेवर ठेवून वर्तुळ आडवं मोजलं, उभं मोजलं.

"आता बरोबर," त्या म्हणाल्या. मग थोड्या पुढे वाकल्या. "पण रेघ वाकतेय."

"कुठली?"

"ही, त्रिकोणाच्या पायाची. मधे पोट सुटलंय बघ तिला."

मला ती सरळ दिसत होती. काकांनी चष्मा पुसून पाहिलं. "सरळ तर आहे."

"तुम्हाला जन्मभर सगळं सरळच दिसलं," बाई म्हणाल्या.

बाई रेघ वाकडी म्हणतात म्हणजे ती वाकडीच असणार, असं मी धरून चाललो. आठवडाभर पडदा चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर शोधत बसलो. पुढच्या रविवारी नवी तार आणि दुकानातला दुसरा मॉनिटर गाडीला बांधून शाहपूरला गेलो. सगळं बदललं, तरी बाईंना रेघ वाकडीच दिसत होती.

"बाई, मला तर कुठेच..."

"थांब, सिद्ध करून दाखवते." त्यांनी पट्टी उचलून रेघेला लावली. बराच वेळ बघत राहिल्या. "अरे, ही पट्टी पण वाकली की. उन्हात ठेवली का हो तुम्ही?"

"आता पट्टी पण मीच वाकवली!" काका हसले.

मला हसू आलं नाही. मी पट्टी हातात घेतली, डोळ्यासमोर धरून तिची कड पाहिली. आमच्या वर्गात होती तशीच सरळ होती.

"बाई, उजवा डोळा झाका बरं."

त्यांनी झाकला. "आता सरळ दिसते."

"आता डावा झाका."

त्यांनी झाकला. पट्टी टेबलावर ठेवून दिली. मग म्हणाल्या, "जिथे बघते, तिथेच पुसल्यासारखं होतं रे. आजूबाजूचं दिसतं." काका खुर्ची ओढून जवळ बसले, तशा त्या म्हणाल्या, "मोतीबिंदू असेल. वयच आहे. मुलींच्या परीक्षा होऊ देत, मग बघू."

शहरातल्या सिंधीपुऱ्यात एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा संगणक मी बघतो. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं. सरळ रेघ वाकडी दिसते म्हटल्यावर त्यांनी हातातलं काम थांबवलं. "हे पडद्याचं असू शकतं," ते म्हणाले. क्षणभर मला मॉनिटरच दिसला. ते डोळ्याच्या आतल्या पडद्याबद्दल बोलत होते. तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही, पण परीक्षांपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात घेऊन या, असं त्यांनी बजावलं.

मी बाईंना फोन केला. "तू कधीपासून डॉक्टर झालास? मशीन बघ तुझं," म्हणून त्यांनी ठेवून दिला. थोड्या वेळाने काकांचा आला, अगदी हळू आवाजात. "माझं ती ऐकत नाही रे. तुझं ऐकलं तर ऐकेल."

वर्गात कुणी वाद घातला की बाई म्हणायच्या, "बोलो मत, लिखकर सिद्ध करो." म्हणून मी लिहिलं. मोठ्या अक्षरात छापलं आणि प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवून सकाळच्या बसने पाठवलं.

आदरणीय बाई,

नमस्कार. हे डाव्या डोळ्याने वाचा.

दिलेलं आहे: तार नवी आहे. मॉनिटर दुसरा आहे. पडद्याचं माप बरोबर आहे, वर्तुळ तुम्ही स्वतः मोजलंत. पट्टी सरळ आहे. डाव्या डोळ्याला रेघ सरळ दिसते, उजव्याला वाकडी.

सिद्ध करायचं आहे: बिघाड पडद्यात असेल, पण माझ्या दुकानात दुरुस्त होणाऱ्या पडद्यात नाही.

याच्या पुढची पायरी मला येत नाही, ती डॉक्टरांना येते. गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो. काकांना सांगितलं आहे.

तुम्ही म्हणाल, मुलींच्या आकृत्यांचं काय? त्या तोवर मी काढतो. तुम्ही फोनवर सांगा, चुकलो तर रागवा.

बरं होईलच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. उशीर करू नका, एवढंच म्हणाले. बाई, मला भीती वाटते आहे. कॉलेजच्या रांगेतही वाटत होती, पण तेव्हा तुम्ही पुढे होतात.

यात कुठे चूक असेल तर लिहून पाठवा. गाडी तरीही येईल.

तुमचा विद्यार्थी