पूर्ण बरी असल्याचा कागद

साहेबानं आधी टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला अन् आपल्या खणात ठेवला. मंग मले म्हणाले, "बसा."

मले दिसलं नाही असं त्यायले वाटलं असन. माह्या डोक्यात बिमारी आहे, डोळ्यात नाही.

भंडाऱ्यातल्या एका सरकारी हापिसातली ही गोष्ट. मी कोंढ्याची. वय चौतीस. वीस वर्षांची होती तवापासून मले कानात आवाज येतात, जे दुसऱ्या कोणाले येत नाहीत. डॉक्टर त्याले स्किझोफ्रेनिया म्हणतात, गाव पागल म्हणते. मी रोज गोळ्या घेते अन् रोज एसटीनं भंडाऱ्याले कामाले जाते. पितळी भांड्याच्या दुकानात. भांडी घासणं, चमकवणं, पुसून मांडणं हे माहं काम.

त्या दिवशी खोलीत साहेब, दोन मॅडम, एक बाबू, माहा दादा अन् शोभाताई होती. साहेबानं शोभाताईले विचारलं, "ही अचानक अंगावर वगैरे येत नाही ना?"

मी समोर बसली होती. हात लांब केला तं त्यायच्या शर्टाले लागला असता.

शोभाताई म्हणाली, "त्यांनाच विचारा, सर."

त्यायनं नाही विचारलं. मले म्हणाले, "शंभरातून सात-सात कमी करत जा पाहू." मी करत गेली. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट. "अरे वा, ही तर आपल्यापेक्षा हुशार निघाली." सारे हसले. मी बी हसली. त्या हसण्याची मले आज बी लाज वाटते, अन् राग बी येते.

शोभाताई कोण ते सांगते. सरकारी कागदावर ती रोजगार सहाय्यक. आमी तिले सोबती म्हणतो. आमच्यासारख्यायले काम पाहून द्यायचं अन् ते काम टिकवायले मदत करायची, हे तिचं काम. तिची जागा एका योजनेतून चालत होती. त्या योजनेचा निधी पुढं चालू ठेवायचा का बंद करायचा, हे ठरवायले साहेबानं आमाले बोलावलं होतं.

शोभाताईच्या आधी बी मी कामं केली. राईस मिलमध्ये झाडलं, वसतिगृहात पोळ्या लाटल्या. दोन्ही जागी एकच झालं. बिमारी वाढली, आठ दिवस घरी राहिली, परत गेली तं माह्या जागेवर दुसरी बाई. कोणी विचारलं नाही, काय झालं होतं वं तुले. गोळी आवाज दाबते, पण गोळी मालकाशी बोलायले जात नाही.

बोलायले शोभाताई गेली. भांड्याच्या दुकानात पयले पंधरा दिवस ती माह्याजवळ बसली, बाह्या वर करून, चिंच लावून माह्यासोबत पाण्याचे पितळी गुंड घासत. दुकानाचा मालक, त्याले आमी काका म्हणतो, त्याले तिनं सांगितलं, ही चूप झाली तं ओरडू नका, मागं घडीभर बसू द्या. सकाळी गोळ्यायनं मले जड वाटते, म्हणून नऊचे अकरा करून घेतले. मंग हप्त्यातून दोनदा येऊ लागली, मंग एकदा.

मागच्या दिवाळीच्या गर्दीत आवाज परत आले. म्हणे, काकानं तुह्या पाण्यात इख टाकलं. मी हातातलं भांडं तसंच टाकून निघाली अन् बसस्टँडवर जाऊन बसली. कोणती बस धरायची ते बी समजत नव्हतं. शोभाताईनं मले हुडकलं, डॉक्टरकडे नेलं, काकाले सारं समजावलं. अठरा दिवसांनी मी कामावर गेली, माही जागा तिथंच होती. काकानं तोंडावर सांगितलं, "बाई, ती शोभाताई नसती आली तं मी दुसरी ठेवली असती." वाईट वाटलं, पण माणूस खरं बोलला.

आता त्या खोलीतलं ऐका. साहेबानं दुसरी फाईल उघडली. बपेऱ्याच्या दिलीपची. सायकल दुकानात पंक्चर काढायचा. त्या महिन्यात त्याची तब्येत बिघडली होती, तो बाहेर बाकड्यावर आईजवळ बसला होता. साहेबानं दारातून त्याच्याकडे एकदा पाहिलं अन् फाईल मिटली. "हा तर काम करण्याच्या स्थितीतच नाही. याच्यावर निधी कशाला?"

मंग एका मॅडमनं माह्यापुढं छापलेला कागद सरकवला. त्यात लिहिलं होतं, मी पूर्णपणे बरी झाले असून मला यापुढे कोणत्याही सहाय्याची गरज नाही. सही करा, म्हणाली. कार्यक्रमात शाल देऊ, फोटो काढू.

पूर्णपणे बरी. चौदा वर्षं हे ऐकायले मी तरसली. गावात हातपंपावर मी गेली की बाया आपली गुंडी बाजूले घेतात. वहिनी लेकरायले माह्या खोलीत येऊ देत नाही. दादा खुर्चीमागून हळूच बोलला, "कर न वं सही. कागद राहिला तं गावात दाखवता येईल. लोकायचं तोंड बंद होईल." त्याचा आवाज रडवेला झाला होता. मी पेन उचलला. खोटं कायले सांगू, टोक कागदाले लागलं होतं.

बाहेर दिलीप शिपायाले विचारून राहिला होता, "शोभाताई कवा येते?" शिपाई हाड म्हणाला. कुत्र्याले म्हणतात तसं.

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. जो बरा आहे त्याले सोबती कायले, अन् जो बिमार आहे त्याच्यावर खर्च कायले. मंग सोबती पायजे कोणाले? कोणालेच नाही. अन् हे सारं बंद करायले या लोकायले माही सही लागत होती. पुढच्या दिवाळीत मी बसस्टँडवर बसली तं माह्याजवळ कोण येईल, हे कागदात कुठंच नव्हतं.

मी पेन ठेवला. "साहेब, हे खोटं आहे. मी बिमार आहे. अन् मी कामाले जाते."

"अहो बाई, तुमच्याच भल्यासाठी आहे हे."

"तुमाले चष्म्यानं बरोबर वाचता येते. म्हणून चष्मा काढून घ्यावा काय तुमचा?"

आता कोणी हसलं नाही. साहेबाचं तोंड लाल झालं. शोभाताईले म्हणाले, "यांना बाहेर घेऊन जा." तवा बी माह्याशी बोलले नाहीत. मी माह्या पायानं बाहेर गेली.

निधी बंद झाला. माही सही नसताना झाला. शोभाताईची जागा गेली, ती आता नागपुरात दुसरं काम करते. दिलीप घरातून निघत नाही, त्याची आई फोनवर रडते. दादा माह्याशी बोलत नाही. घरच्यायले म्हणते, चालून आलेला चांगला कागद हिनं लाथाडला. काकानं मले अजून ठेवलं आहे, पण दिवाळी जवळ येऊन राहिली अन् मले भेव वाटते. लपवून काय करू.

सोमवारी दुकान बंद राहते. दर सोमवारी मी त्याच हापिसात जाते, माह्या हातानं लिहिलेला अर्ज घेऊन. मी आजारी आहे, मी काम करते, मला सोबती पाहिजे. खाली पुरं नाव, गावासकट. पयले एकटी जात होती. मंग दिलीपची आई आली. आता आमी सहा जण आहोत, अन् सहाही जण आपापल्या बिमारीचं नाव आपल्या हातानं लिहितो.

परवा बाबू मोठ्यानं बोलला, "आली का परत पागल?"

"आली," मी म्हटलं. "आवक नंबर टाका अन् पोच द्या."

त्यानं शिक्का मारला. "कधीपर्यंत येणार आहे तू?"

"सोबतीची जागा भरेपर्यंत."