खोट्या ठिपक्यांचा नकाशा

दगडाच्या धंद्यात माल विकला जातो, किस्से मात्र दुकानातच साठतात! माझं नाशिकला स्फटिकांचं दुकान. विहिरी खणताना खडकाच्या पोकळीत सापडतात, हिरवे, पांढरे, काचेसारखे. शिक्षण सातवी, बाकीचं सगळं विहिरीत उतरून! धंद्याचा नियम एकच: माल कुठे निघाला ते खरं सांगायचं नाही. सिन्नरच्या पीसवर चांदवडचं लेबल. नाहीतर दुसऱ्या दिवशी दुसरा व्यापारी विहिरीवर हजर!

*

परवा सरकारी भूशास्त्रज्ञ साने साहेब एका जर्मन मॅडमना घेऊन आले. दोन्ही देश मिळून जिल्ह्याचा भूनकाशा करताहेत, पुढे खनिजं शोधायला. नकाशावर स्फटिक निघालेल्या जागांचे लाल ठिपके.

"हे कुठून काढले?"

"जर्मनीतल्या म्युझियममध्ये तुमचा माल आहे ना, त्याच्यावरच्या तुमच्याच लेबलांवरून!" साहेब कौतुकानं म्हणाले.

माझा चहा बशीत सांडला.

*

घरी बायकोला सांगितलं. म्हटलं, परदेशातलं गिऱ्हाईक तुटलं समज. ती म्हणाली, "सरकारी नकाशा बिघडवलाय. पोलीस न्यायला आले तर स्वेटर घेऊन जा!"

*

साहेबांनी गाईड मलाच केलं. चांदवडच्या ठिपक्यावर विहीरच नाही, कांद्याची चाळ!

"बुजवली असेल," मी म्हणालो.

चाळीचा मालक उसळला, "आज्याच्या काळापासून हितं विहीर नाय!"

मी घाम पुसला. "ऊन फार आहे."

"शेठ, जानेवारी चालू आहे," साहेब म्हणाले.

*

दुसरा ठिपका देवळाली कॅम्पचा. तोफांच्या सरावाच्या जागेत कोण बघायला जातंय, म्हणून लिहिलेलं. मॅडमनी सरळ परवानगीचा अर्ज केला! तिथल्या अधिकाऱ्यानं मलाच विचारलं, "आमच्या हद्दीतून दगड नेलेत? आत शिरलात कसे?"

हो म्हणावं तर घुसखोर, नाही म्हणावं तर खोटारडा! तिथेच हात जोडले. "सगळी लेबलं खोटी, साहेब. माल सगळा सिन्नरच्या किसनच्या विहिरीतला."

*

जीप सिन्नरकडे वळली. वाटेत मॅडम काहीतरी म्हणाल्या, साहेबांनी मराठीत सांगितलं, "ही विहीर तरी खरी निघू दे. नाहीतर म्युझियमला कळवावं लागेल. मग तुमचा माल तिकडे कुणी घेणार नाही."

किसन मळ्यातच होता. मॅडमनी पेन उघडलं.

"किसन, मी खरं सांगून टाकलंय. दाखव विहीर."

किसनचा चेहरा पांढराफटक. मला बाजूला ओढून कुजबुजला, "शेठ, माल या विहिरीतला नाय. माल देणाऱ्याला तुम्ही परस्पर गाठाल म्हणून तुम्हालाबी खोटंच सांगितलं व्हतं!"

"मग कुठला?"

"मेव्हणा आणून देतो. तो मला सांगत नाय!"