देव पाण्यात, कलम २९८

"बुडवला की ठेवला?" मी तपास अधिकाऱ्याला विचारलं.

"एकच आहे ना साहेब."

माझं डोकंच सणकलं. मराठी माणूस, आणि म्हणे एकच आहे!

भंडाऱ्याच्या कोर्टातली ही उलटतपासणी. माझी अशील सुमनबाई, करडीकडच्या एका गावात अंगणवाडीची मदतनीस. नवऱ्याचं नागपूरला ऑपरेशन होतं, म्हणून तिनं तळ्याच्या पाळीवरचा वीतभर मारोती घरी आणला आणि गंगाळात पाण्यात ठेवला. नवरा धड घरी येईपर्यंत. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणाऱ्या शेजाऱ्यानं तक्रार ठोकली, 'मूर्ती बुडवून विटंबना केली'. बाईला अटक झाली. जामीन मिळाला, पण कामावरून घरी बसवलं. शिक्षा झाली की नोकरी कायमची जाणार होती.

"वकीलसाहेब, मी देवाले कायले बुडवू? मालकासाठी ठेवलं मी त्याले," एवढंच ती दर तारखेला सांगायची.

घटनेतलं कलम २५ श्रद्धा पाळायचं स्वातंत्र्य देतं. गुन्ह्याला त्याची ढाल करता येत नाही, हे मलाही मान्य. पण न्याय संहितेच्या २९८ मध्ये धर्माचा अपमान करायचा इरादा, निदान तशी जाणीव, सिद्ध करावी लागते. देव उचलला एवढ्यानं भागत नाही. पोलिसांनी तर त्याच मारोतीला मुद्देमाल, म्हणजे पुराव्याची वस्तू, म्हणून चिठ्ठी चिकटवली आणि दारूच्या कॅनशेजारी कोंडला. पूजा नाही, दिवा नाही. ती विटंबना कोणाला दिसेना!

उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, असं आम्हाला शिकवतात. रागाच्या भरात मी विचारला.

"तुमच्या मुलाच्या बारावीच्या निकालाला घरी देव पाण्यात होते?"

"ऑब्जेक्शन!" सरकारी वकील उठले.

"उत्तर द्या," मॅडम जज म्हणाल्या.

तो खाली बघत म्हणाला, "होते. मिसेसनं ठेवले होते."

"एफआयआर केला?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं.

निकालाच्या दिवशी सुमनबाई निर्दोष सुटली. मारोती पाळीवर परत न्यायचा हुकूमही झाला. बाहेर तिनं डोळे पुसले.

"मले मालूमच होतं साहेब. तुमच्यासाठी घरचे देव सकाळीच पाण्यात ठेवून आली."

मी ओरडलोच. "आधी घरी फोन लाव! मालकाले म्हण, दार लावून घे, शेजाऱ्याले दिसू देऊ नको."

घटना स्वातंत्र्य देते. दाराला कडी आपली आपण लावायची.