वाटी भरून वाहिली तेव्हा

विहारात मी कायम शेवटच्या रांगेत बसायचो, आणि त्याचा नम्रतेशी काही संबंध नव्हता. त्रिसरण-पंचशील संपून पुढच्या गाथा सुरू झाल्या की मला काही येत नसे. मागे बसून नुसते ओठ हलवले की खपून जायचं. माझी मोठी बहीण, आमची ताई, पहिल्या रांगेत बसायची आणि तिचा आवाज भन्तेजींच्याही वर चढायचा. तुझ्यापेक्षा मासा बरे ओठ हलवतो, असं तिनं मला चारचौघांत ऐकवलं होतं. भगवंतांशी माझं वाकडं नव्हतं. पण नागपुरातल्या एका कपडे शिवणाऱ्या माणसाकडे कुणाचं लक्ष असेल, हे मला कधी पटलं नाही.

भाऊजी गेल्यानंतर ताईच्या मनानं घेतलं की लंकेची यात्रा करायची. नागपूरहून उपासकांची एक मंडळी निघाली होती, तिच्यात मला तिनं नेलं ते हमाल म्हणून. निघताना तिची मुलगी वैशाली एवढंच म्हणाली, "मामा, आईले सांभाळजा." मी यात्रेसाठी नागपुरातल्या महाल बाजारातून पांढरं कापड आणून स्वतःच कपडे शिवले होते आणि माप स्वतःच घेतलं होतं. त्यामुळे मी उपासक कमी आणि लग्नाचा मंडप जास्त दिसत होतो. अनुराधपूरला बोधिवृक्षासमोर ताई लहान मुलीसारखी रडली. मी तेव्हा चपलांवर लक्ष ठेवून होतो.

तिथून आम्ही दक्षिणेच्या किनाऱ्यावर आलो. त्या दिवशी मार्गशीर्ष पौर्णिमा होती. लंकेत पौर्णिमेला सगळा गाव पांढरे कपडे घालून विहारात जातो. आम्हीही नाश्ता करून, पांढऱ्या कपड्यांत, टेकडीवरच्या विहारात नेणाऱ्या बसची वाट पाहत रस्त्यावर उभे होतो. समोर समुद्र. आम्हा दोघांनीही तो आयुष्यात पहिल्यांदा आदल्याच दिवशी पाहिला होता. बघता बघता त्याचं पाणी मागे सरकू लागलं. खडक उघडे पडले, मासे तडफडू लागले, लोक हसत खाली धावले. कन्हान नदीच्या पात्रातलं पाणी उतरलं की आम्ही लहानपणी असेच मासे धरायला उतरायचो, त्यामुळे आम्हा दोघांना त्यात काही वावगं वाटलं नाही. समुद्रही नदीसारखाच उतरत असेल, असं मी शहाण्यासारखं ताईला समजावूनही सांगितलं. तिनं पातळ वर खोचलं आणि वाळूत उतरली. मला पाण्याची भीती. मी रस्त्यावरच राहिलो.

ती खालून वळून म्हणाली, "ये गा, भित्र्या. पाणीच नाही तं बुडशीन कसा?"

मी हसलो. तीही हसत होती. तिचं ते शेवटचं बोलणं.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. क्षितिजावर एक काळी रेघ दिसली, मग ती रेघ उंच झाली. मी ताईला हाका मारल्या, पण पाय रस्त्याला चिकटले होते. ना खाली गेले, ना वर. तेवढ्यात समोरून उतरत येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं माझं मनगट पकडलं, ती उलटी फिरली आणि मला ओढत टेकडी चढू लागली. काटकुळी बाई, पण तिची पकड अशी की मला मागे वळता आलं नाही. पाणी आमच्या मागे विहाराच्या खालच्या पायऱ्यांपर्यंत आलं आणि परत गेलं. खाली आता रस्ता नव्हता. आम्ही उभे होतो ती जागा नव्हती. वाळूत उतरलेल्यांपैकी कुणी नव्हतं.

नंतर कळलं की सुमात्राच्या बाजूला समुद्राच्या तळाशी जमीन हादरली होती. आम्ही नाश्ता करत होतो तेव्हा ते पाणी आमच्याकडे निघालेलं होतं. आमच्या पायाखाली काहीही हललं नव्हतं.

विहारातल्या भन्तेंना सारनाथला राहिल्यामुळे हिंदी येत होतं. त्यांनी सांगितलं की अम्मांची मुलगी, म्हणजे मला ओढून आणणाऱ्या बाईची एकुलती एक मुलगी, किनाऱ्यावरच्या दुकानात होती. अम्मा तिलाच आणायला खाली निघाल्या होत्या. मी म्हटलं, मग त्यांनी माझा हात काहून धरला? भन्तेंनी तिला विचारलं. ती थोडंसंच बोलली. भन्ते मला म्हणाले, "कहती हैं, हाथ सामने था."

त्यानंतर मी ताईला शोधत फिरलो. दवाखाने, शाळा, देवळं, जिथं जिथं माणसं आणून ठेवली होती तिथं. गळ्यातल्या पिशवीत आमचे दोघांचे पासपोर्ट होते, ताईचा फोटो उघडून मी प्रत्येकाला दाखवायचो. एका दवाखान्यात नर्सनं फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि हळूच माझ्या छातीवर बोट ठेवलं. मी सकाळपासून माझाच पासपोर्ट दाखवत होतो. कुणा प्रवचनकाराला यातून छान बोध काढता येईल. मला फक्त लाज वाटली, आणि मग मी त्या नर्सपुढे इतका रडलो की तिला माझ्यासाठी खुर्ची आणावी लागली.

रोज संध्याकाळी वैशालीला फोन लावायचो. शोधून राहिलो, सापडन, असं सांगायचो. ती हो म्हणायची. वाचलेली मंडळी नागपूरला परतली, मी नाही गेलो. ताईशिवाय घरात पाऊल कसं ठेवू? भन्तेंनी विहारात जागा दिली. रोज परत आलो की माझ्यापुढे भाताचं ताट असायचं. ते अम्मा ठेवून जायच्या. त्यांची मुलगी तोवर सापडली होती, आणि त्यांनी तिला माती दिली होती.

सातव्या दिवशी विहारात मृतांसाठी पुण्यदान होतं. तिथली रीत अशी: ताटात एक वाटी ठेवतात, भिक्खूसंघ गाथा म्हणत असताना घरचे सगळे मिळून सुरई धरतात आणि त्या वाटीत पाणी ओततात. वाटी भरून वाहू लागली तरी ओतत राहतात. गेलेल्याला पुण्य पोचावं म्हणून. भन्ते म्हणाले, तुम्हीही बसा. मी नाही म्हटलं. पाणी ओतलं की ताई गेली. मी न ओतता उभा होतो तोवर ती कुठेतरी, कुठल्यातरी दवाखान्यात, माझी वाट पाहत बसलेली होती. मी खांबाला टेकून उभा राहिलो.

अम्मांच्या घरचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्या एकट्याच सुरई घेऊन बसल्या, आणि भरलेली सुरई त्यांना उचलवेना. मला टेकडीवर ओढून नेणारी बाई ती, तिला त्या दिवशी एक सुरई उचलत नव्हती. मी जाऊन बसलो. सुरईला हात लावला तो तिच्यासाठी. ताईसाठी लावला, असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण गाथा सुरू झाल्या, वाटी भरली, पाणी काठावरून ताटात वाहू लागलं, आणि मला कळलं की मी ताईचं नाव घेऊन राहिलो आहे. मोठ्यानं. गाथा संपल्या तरी माझं ओतणं थांबेना. कुणी मला थांबवलं नाही. अम्मांचा हात माझ्या हाताखाली होता, तो त्यांनी सुरई रिकामी होईपर्यंत काढला नाही.

त्या संध्याकाळी मी वैशालीला म्हटलं, "तुही आई गेली वं, पोरी."

 ती म्हणाली, "आम्हाले कधीचंच माहीत हाय, मामा. आता तुम्ही तरी घरी या."

ती रोज हो का म्हणत होती, ते तेव्हा समजलं. मी त्यांना धीर देतोय असं मला वाटायचं, आणि ते सगळे मिळून मला सांभाळत होते.

ताई सापडली नाही. ते पाणी किती देशांत गेलं, किती घरं रिकामी करून आलं. त्यात माझ्या मनगटाचीच निवड का व्हावी, हे मी पुष्कळ वर्षं विचारत बसलो. आता विचारत नाही. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं करणं, अशी माझी समजूत होती. माझ्या हातून तसं काहीच झालं नाही. मला धरून नेलं, जेवू घातलं, आणि रडणं संपेपर्यंत माझ्याजवळ बसलं कुणीतरी. ज्या भगवंतांनी ते माणूस माझ्या वाटेवर आणलं, किंवा ज्या माणसानं स्वतःहून ते केलं, त्या दोघांनाही माझं वंदन.

मार्गशीर्ष पौर्णिमेला वैशाली आणि मी मिळून पाणी ओततो. आधी अम्मांच्या मुलीसाठी, मग ताईसाठी. अम्मांची गोष्ट वैशालीला ठाऊक होती, पण हा क्रम मी तिला कधी सांगितला नव्हता. पहिल्याच वर्षी तिनं तो आपणहून धरला.