जालन्याच्या काकू आणि पितळेचा गोळा

“बिलकुल खोटं! परत करून दाखवा.”

एवढं बोलून त्या पदर खोचायच्या, खुर्ची टेबलापर्यंत ओढायच्या आणि वाकून टेबलाखाली बघायच्या. खाली कुणी दडून दोरी तर ओढत नाही ना, हे आधी पाहायचं. प्रयोग नंतर.

त्यांना सगळे काकूच म्हणत, मीही तेवढंच म्हणतो. जालन्याला त्यांची तेलगिरणी होती, सरकीचा मोठा व्यापार होता. मालक वारल्यावर घरच्यांनी त्यांच्या नावानं ट्रस्ट काढला. नातेवाइकांचं मत पडलं, धर्मशाळा बांधावी. थोरल्या मुलाचं मत पडलं, गावाच्या तोंडाशी संगमरवरी कमान उभारावी आणि वर वडिलांचं नाव कोरावं. याच सुमारास काकू नातवाच्या शाळेत स्नेहसंमेलनाला गेल्या आणि तिथं एका वर्गात त्यांनी लोहचुंबक पाहिलं. कागदावर टाचण्या, कागदाखाली चुंबक, आणि टाचण्या आपल्या चालताहेत. काकू तिथून उठेचनात. संमेलन संपलं, मांडव उतरला, तरी यांचं “परत करा” चालूच.

“म्हातारी झाले मी,” घरी येऊन त्या मुलांना म्हणाल्या, “आन् हे मला आजवर कुणी सांगितलंच न्हाई. कमान ऱ्हाऊ द्या. खेड्यातल्या शाळांना हे सामान द्यायचं.”

बहात्तरचा दुष्काळ नुकता मागं पडला होता. मी तेव्हा कुंभार पिंपळगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो, म्हणजे फळ्यावर शिकवत होतो. चंचुपात्र कसं दिसतं हे मुलांना माझ्या चित्रावरून ठाऊक होतं, आणि माझी चित्रकला अशी की परीक्षेत निम्म्या वर्गानं चंचुपात्राला कान काढले होते.

अशात एक दिवस काकूंची जीप आली. चालवायला करीमभाई, मागं लाकडी खोकी. खरं तर पहिली खेप आमच्याकडे आलीच नाही. “पिंपळगाव” एवढंच ऐकून करीमभाई पार उलट्या दिशेला, भोकरदनकडं, पिंपळगाव रेणुकाईला पोचले. तिथल्या मास्तरांनी आनंदानं खोकी उतरवून घेतली, करीमभाईंना जेवू घातलं आणि ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं. चूक कळली तेव्हा थोरले संतापले. सामान परत आणा म्हणाले. काकूंनी मात्र लगेच निकाल दिला.

“दिलेलं वापस आणायचं न्हाई. दोन्ही पिंपळगावांला द्या. मंग चुकायची भानगडच न्हाई.”

करीमभाई मला हळूच म्हणाले, “सर, अच्छा हुआ. महाराष्ट्रात पिंपळगावं किती हायेत, हे काकूंना अजून मालूम न्हाई.”

देणगी देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हार घेतात, फोटो काढतात, चहा घेऊन जातात. काकूंना हार घातला की त्या तो काढून समोरच्या पोरीच्या गळ्यात घालायच्या आणि म्हणायच्या, “आता सामान काढा.” दिलेली प्रत्येक वस्तू चालते का, हे त्या स्वतः बघत. वडीगोद्रीच्या शाळेत त्यांनी म्हणे भिंगानं कागद जाळायला लावला, कागद पेटला, मग “खोटं” म्हणून दुसरा पेटवायला लावला, आणि तिसरा कागद हा तिथल्या पाहुण्यांच्या भाषणाचा निघाला. भाषण झालं नाही. गावकऱ्यांनी काकूंचे आभार मानले.

एका भेटीत मी त्यांना मिठाच्या पाण्यातून गोडं पाणी काढून दाखवायचं ठरवलं. इथं स्वतःबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्या वस्तीतून बी. एस्सी. झालेला मी पहिला. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होतो. शाळेत सगळे मला सर म्हणत, मान देत, आणि माझा चहाचा कप मात्र वेगळ्या खिळ्याला टांगलेला असे. त्यावर कुणी बोलत नसे. मीही बोलत नसे. काकू येणार म्हणून हेडमास्तरांनी त्यांच्या पाण्याचा तांब्या स्वतःच्या घरून मागवला होता आणि मला बजावलं होतं, “सर, तुम्ही फक्त प्रयोग करा. पाण्याबिण्याचं मी बघतो.”

मी चंबूत खारं पाणी उकळलं. वाफ नळीतून गेली, थंड झाली आणि चंचुपात्रात टपटप पाणी जमलं.

“यातलं मीठ गेलं,” मी म्हणालो.

“बिलकुल खोटं!” म्हणत काकूंनी चंचुपात्र उचललं आणि निम्मं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

हेडमास्तरांचा हात तांब्याकडं गेलेला तसाच राहिला. काकूंनी जीभ टाळ्याला लावून विचार केला.

“मीठ तर बराबर गेलं, मास्तर. पण चव कुठं गेली?”

“काकू, ती क्षारांमुळं असते. क्षार मागं राह्यले.”

“अस्सं? अहो हेडमास्तर, तुम्ही बघा बरं. मला म्हातारीला समजत नसंल.”

राहिलेलं पाणी त्यांनी हेडमास्तरांच्या पुढं धरलं. सगळा वर्ग बघत होता. हेडमास्तरांनी एकदा छताकडं पाहिलं, डोळे मिटले आणि एरंडेल घ्यावं तसं ते घेतलं.

“कसंय?”

“ब... बेचव आहे.”

“बराबर! मला बी तसंच लागलं,” काकू खूश होऊन म्हणाल्या.

त्यांना मीठ गेलं का, एवढंच पाहायचं होतं, की आणखी काही, हे मला आजही सांगता येणार नाही. तो खिळ्याचा कप नंतर कपाटातल्या कपांत मिसळून गेला. कुणी मिसळला ते मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून काकू आल्या की माझे हात जरा जास्तच नेटानं काम करत.

तर असं सगळं चाललेलं असताना करीमभाई एकदा वाईट बातमी घेऊन आले. थोरल्यांनी पुन्हा कमानीचा विषय काढला होता. ट्रस्टच्या बैठकीत ते म्हणाले होते, “आई खेड्यांत काचा वाटत फिरते. बाबांचं नाव कुठं दिसतं?” शेवटी असं ठरलं की थोरल्यांनी स्वतः एक शाळा पाहायची, आणि पटलं नाही तर सामान देणं बंद. काकूंनी आमची शाळा निवडली होती.

मी पितळेचा गोळा बाहेर काढला. दोन अर्धगोल असतात; कडांना व्हॅसलीन लावून ते एकमेकांवर ठेवायचे आणि पंपानं आतली हवा काढायची. मग ते ओढून सुटत नाहीत. बाहेरची हवा त्यांना दाबून धरते.

बाजाराचा दिवस होता. थोरले आले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, अंगानं भरलेले, चेहऱ्यावर कंटाळा. मी पंप मारला, चावी बंद केली आणि म्हणालो, “आता हा सुटणार नाही.”

“बिलकुल खोटं!” पहिल्या ओळीतून आवाज आला.

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. थोरल्यांनी आईकडं पाहिलं. “आई, तूच खोटं म्हणती? मंग आपण इथं काय करून राह्यलो?”

“त्याला चिकटवलंय. ते पांढरं काय लावलंय ना, त्यानं.” काकू उठल्या, मला चावी उघडायला लावली, गोळा सुटला. मग त्यांनी स्वतः कडांना बोटभर व्हॅसलीन थापलं, अर्धगोल जोडले आणि पंप न मारता ओढले. लगेच सुटले. काकू विचारात पडल्या. “आता पंप मारा.” मी मारला. त्यांनी ओढलं. सुटेना. “थोरल्या, तू वढ.”

थोरल्यांनी एका हातानं ओढून पाहिलं. मग दोन हातांनी. मग दुसरी बाजू करीमभाईंनी धरली. दोघंही लालबुंद झाले. गोळा तसाच.

“जल्दी वढ, करीम!”

“वढून राह्यलो, शेठ! हाथ निकल आयेगा, ये नहीं निकलेगा.”

थोरल्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. त्यांचा कंटाळा कुठल्या कुठं गेला होता. बाजाराला आलेले लोक खिडक्यांशी जमले. कुणी म्हणालं, पाणी टाका. कुणी म्हणालं, नारळ फोडा. थोरले ओरडले, “बैल आणा!”

हेडमास्तर म्हणाले, “शेठजी, ही शाळा आहे.” पण बैलजोडी मैदानात आलीसुद्धा. गोळ्याच्या एका कडीचा दोर जोखडाला बांधला. दुसऱ्या कडीचा दोर धरून थोरले सगळ्यांत पुढं, मागं करीमभाई, त्यांच्या मागं गावातले दणकट गडी. काकू बाजूला उभ्या राहून दोन्हीकडच्यांना जोर देत होत्या.

बैलांनी पाऊल उचललं आणि फाटकन् बार झाला. इकडं थोरल्यांसकट सगळी रांग एकमेकांवर उताणी, मैदानातल्या हौदाच्या चिखलात. तिकडं बैल बिचकले ते अर्धा गोळा दोराला घेऊन सरळ बाजारात. टण्ण टण्ण करत तो मिरच्यांच्या ढिगातून गेला, बोंबलांच्या टोपलीवरून उडाला, आणि त्याच्यामागं मी, माझ्यामागं वर्ग, वर्गामागं हेडमास्तर “हजेरी घ्यायची राहिलीय!” असं ओरडत. बैल शेवटी कडब्याच्या गाडीपाशी थांबले आणि शांतपणे खायला लागले. अर्धगोलाला एक पोचा आला होता, आणि आत तीन-चार मिरच्या होत्या.

परत आलो तर थोरले चिखलातच बसलेले. मला वाटलं, संपलं. तोंडावर चिखल होता, म्हणून मला आधी कळलंच नाही, की हा माणूस हसतोय. पोट धरून हसत होते.

“मास्तर,” श्वास सापडल्यावर त्यांनी विचारलं, “आत होतं काय?”

“काहीच नव्हतं.”

“काहीच न्हाई? मंग धरलं कुणी आम्हाला?”

मी वर बोट केलं. “या हवेनं. बाहेरच्या.”

थोरल्यांनी मान वर केली. बराच वेळ आभाळाकडं बघत राहिले, चिखलात बसूनच. काकू त्यांच्याजवळ गेल्या आणि पदरानं त्यांचा कान पुसला, जसा शाळेत निघालेल्या पोराचा पुसतात. “हसला बाई एकदाचा,” त्या मला म्हणाल्या. “बाप गेल्यापासून हसलाच नव्हता.”

कमान झाली नाही. पोचा ठोकून घ्यायचा खर्चही ट्रस्टनंच केला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी काकू शेवटच्या आल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, करीमभाई हात धरून आणत होते. “आता दिसत न्हाई मास्तर,” त्या म्हणाल्या. “ऐकायचं काही हाय का?”

मी कपाटातून नादकाटा काढला. रबरावर आपटला आणि त्याचा दांडा त्यांच्या हनुवटीवर टेकवला. काकूंचं तोंड उघडं पडलं. हाडातून नाद दातांत, दातांतून कानात गेला असणार. “अगं बाई,” त्या पुटपुटल्या, “माझ्या आत वाजून राह्यलं!” मग त्यांनी तो कपाळाला लावला, कोपराला लावला, करीमभाईंच्या डोक्यालाही लावला.

जायची वेळ झाली तरी काटा काही त्यांच्या हातून सुटला नाही. मीही मागितला नाही. त्या हिवाळ्यात काकू गेल्या. काटा परत आला नाही, आणि नवा मागवायचं आम्हा कुणाच्या मनात आलं नाही.

मला त्या दिसतात त्या जीपमध्ये बसलेल्या. अंबडच्या रस्त्याला धूळ उडते आहे, करीमभाई गिअर टाकताहेत, आणि काकू काटा जीपच्या दांडीवर आपटून हनुवटीला लावताहेत, डोळे मिटून, एकट्याच हसत.